सुनावणी गावात घ्या!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या नागरिकांनो,

सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज काढायची वार्षिक मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. २०२५ मध्ये ती आणखी वाढवायला मंजुरी मिळाली. खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन देण्याची शिफारसही त्याच वर्षी झाली. त्यात जाणारी झाडं सव्वा लाखाच्या घरात आहेत. कोरचीत झेंडेपार, एटापल्लीत दमकोंडवाही ही नावं खाणींच्या रांगेत उभी आहेत. पुढची जनसुनावणी कधीही लागेल आणि नोटिशीनंतर हातात जेमतेम ३० दिवस उरतील. म्हणून हे आवाहन आत्ताच.

खाण म्हणजे निव्वळ नुकसान, असं आम्ही म्हणत नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाणारं पोरगं हेडरीत खाणीवर किंवा कोनसरीत कारखान्यात पगारावर लागलं, तर त्याची किंमत त्याच्या आईला विचारा. सरकारला स्वामित्वधन मिळतं. सुरजागडसारख्या जुन्या पट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम वेगळी, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते. दवाखाना आला, शाळा आली. या सगळ्याचे आकडे आहेत आणि ते प्रत्येक भाषणात ऐकायला मिळतात.

दुसऱ्या पारड्यात काय पडतं? पावसाळ्यात लाल गाळ डोंगरावरून नाल्यात उतरतो आणि नाल्यातून धानाच्या बांधीत. मल्लमपाडीच्या शेतकऱ्यांची हीच तक्रार आहे. बांधीत तो थर बसला की रोवणीचं काय होतं, ते धान पिकवणाऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर उभे राहा. टिप्परमागून टिप्पर जातो आणि कडेच्या तेंदूच्या झुडपांवर तांबडी धूळ बसत राहते. तेंदूपत्ता ७० पानांच्या पुड्यावर विकला जातो. बाई एकेक पान उलटसुलट बघून रचते, फाटकं-डागाळलेलं बाजूला टाकते. धुळीने माखलेलं पान ती पुड्यात घालेल का? मोहाचंही तेच. पहाटे झाडाखालच्या झाडून ठेवलेल्या जागेवरून फुलं वेचायची असतात, आणि त्या जागेवरही हीच धूळ. घरात येणारी ही रोकड प्रकल्प अहवालाच्या कुठल्या पानावर सापडते, ते एकदा शोधा. आणि डोंगरावरच्या ठाकूरदेवाची भरपाई कोणत्या दराने काढणार? त्याची यात्रा दर जानेवारीत भरते.

हा तोटा ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना बोलायला जागाच दिली जात नाही, हे आमचं खरं दुखणं आहे. पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना सांगते की जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी. सुरजागडच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीत, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. माडिया बोलणाऱ्या आजीने एसटी गाठायची, बंदोबस्तातून वाट काढायची आणि आपल्या नसलेल्या भाषेतल्या अहवालावर मत द्यायचं! पुढच्याच वर्षी तोडगट्ट्याला लोक खाणींविरोधात महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले, यात नवल ते काय?

ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. आपल्याकडे तर मेंढा-लेखा गावाला २००९ मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला आहे. मग सुरजागडच्या माणसाला विचारायला एवढा संकोच का?

चंद्रपूरकरांनी गप्प बसू नये. शंभर वर्षांहून अधिक काळ तुम्ही कोळसा दिलात, राज्याला वीज दिलीत, आणि २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तुमचं शहर देशात चौथं आलं. ताडोबाजवळची लोहाऱ्याची खाण अडवणारेही तुम्हीच. खाणीची भरभराट कायम टिकते, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोव्यात विचारावं. २०१२ मध्ये तिथल्या खाणी थांबल्या आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले.

ग्रामसभांनो, या महिन्यातच ठराव करा की सुनावणी आमच्या गावात, माडिया-गोंडीच्या दुभाष्यासह होईल आणि अहवालाचा सारांश आधी वाचून दाखवला जाईल. खनिज प्रतिष्ठानच्या पैशाचा गाववार हिशेब मागा. अनुसूचित क्षेत्रात त्या पैशातून होणाऱ्या योजनांना तुमची मंजुरी लागते. शिकलेल्या पोरांनो, खाणीच्या बाजूचे असा वा विरोधातले, गोटुलात बसून तो अहवाल वाचून दाखवा. शहरातल्या वकिलांनी, प्राध्यापकांनी, पत्रकारांनी सुट्टीचे दोन दिवस एटापल्लीला द्यावेत. हरकत लेखीच द्या, ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदवा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटीस निघायची वाट बघू नका. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आधीच तयार ठेवा.