झाकलेले वळ

अमेरिकी लेखिका कॉलीन हूवर यांच्या 'इट एंड्स विथ अस' या कादंबरीवरून वाचकांमध्ये गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आलाही नसेल. मात्र महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलीच्या उशाशी ते पुस्तक असण्याची शक्यता बरीच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पुढे 'टिकटॉक'वरील तरुण वाचकांच्या शिफारशींमुळे खपाच्या शिखरावर गेली. तो मंच भारत सरकारने जून २०२०मध्ये बंद केला. पुस्तक मात्र आलेच, आणि पुण्यामुंबईच्या पदपथांवर त्याच्या चोरट्या आवृत्तीही येऊन पडल्या. २०२४मध्ये त्यावर चित्रपट निघाला. मुखपृष्ठावर फुले, मलपृष्ठावर प्रेमकथेचे आश्वासन. आत आहे ते मात्र नवऱ्याच्या हातून होणाऱ्या मारहाणीचे चित्रण.

कथानक थोडक्यात सांगायला हवे. बोस्टनमध्ये फुलांचे दुकान चालवणारी लिली ही अशा घरातली मुलगी, जिथे वडील गावात प्रतिष्ठित आणि घरात आईवर हात उचलणारे. आईने ते आयुष्यभर झाकले. लिलीही आपल्या पहिल्या प्रेमाची आठवण जुन्या रोजनिशीत झाकून ठेवते. तिचा पती राइल हा निष्णात मेंदुशल्यविशारद. लहानपणी त्याच्या हातून बंदुकीची गोळी सुटून सख्खा भाऊ गेला, हे त्याचे गुपित. तो संतापतो, मारतो, रडतो, क्षमा मागतो आणि पुन्हा मारतो. मुलगी जन्मल्यावर लिली त्याला विचारते, की उद्या हीच पोर नवऱ्याने मारले म्हणून तुझ्याकडे आली, तर तू तिला काय सांगशील? उत्तर देताना त्याला स्वतःचाच निकाल द्यावा लागतो. लिली वेगळी होते. लेखिकेच्या स्वतःच्या आईने अशाच संसारातून बाहेर पडण्याचे धैर्य दाखवले होते, हे त्यांनी पुस्तकाच्या अखेरीस नमूद केले आहे.

वाचकांची मते टोकाची आहेत. अनेक स्त्रियांनी लिहिले, की आमच्या घरात जे घडत होते त्याला नाव आहे हे आम्हाला या पुस्तकाने सांगितले. दुसरा पक्ष म्हणतो, की लेखिकेने मारकुट्या पुरुषाला इतका देखणा, यशस्वी आणि दुःखी रंगवला आहे की कोवळ्या वयाच्या वाचकाला त्याची कीव यावी. या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. बालपणीची जखम हे संतापाचे कारण असू शकते, तो मारण्याचा परवाना नव्हे. लेखिकेलाही हेच म्हणायचे आहे, असे शेवट सांगतो. पण तिथवर पोचेपर्यंत पाने प्रणयानेच भरलेली आहेत, आणि ती मुलींच्या हाती देण्याजोगी आहेत असे आम्हाला वाटत नाही. बाजाराने तर कहरच केला. जानेवारी २०२३मध्ये या कादंबरीवर आधारित रंग भरण्याची वही काढण्याची घोषणा झाली! बायकोच्या अंगावरील वळांचीही विक्रीयोग्य वस्तू करणाऱ्या या वृत्तीवर खुद्द तिथल्या वाचकांनीच झोड उठवली आणि ती वही मागे घ्यावी लागली. पाश्चात्त्य समाजात सगळेच झोपलेले आहेत असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे या पुस्तकाविषयी ज्येष्ठांकडून ऐकू येणारे मत म्हणजे, 'हे त्यांच्याकडचे. आपल्याकडे कुटुंब आहे.' कुटुंब आहे, आणि ते आपले बलस्थान आहे, यात शंका नाही. पण 'नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर तक्रार कुणाकडे करायची' ही म्हण कोणत्या भाषेतली? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे सांगून मुलीला पुन्हा सासरी पाठवणारे आईबाप काही बोस्टनचे नव्हेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी केव्हा ना केव्हा पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. त्याहून बोचणारा आकडा पुढचा आहे: हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के.

मराठी समाजाने अशी पुस्तके पूर्वी पाहिलेली आहेत. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा सुशिक्षित घरांतून केवढा गहजब उठला होता! सुशिक्षित अविवाहित मुलींची घुसमट लिहिणारी ही बाई कोण, याचाच शोध अधिक झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. पुस्तक टिकले. त्याही आधी हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये घराच्या आतला छळ यमूच्या तोंडून वदवला होता. त्या वाचनाने मराठी घर मोडले नाही. ते थोडे शहाणे झाले.

कायदे आहेत. पतीकडून होणारी क्रूरता १९८३पासून स्वतंत्र गुन्हा आहे; कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियम २००५चा. त्यांचा गैरवापर होतो ही तक्रार खरी आहे आणि न्यायालयांनीही ती बोलून दाखवली आहे. परंतु गैरवापराच्या चर्चेत आपण जितके रमतो, तितके ज्या स्त्रिया कधी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत त्यांच्याविषयी बोलतो का? कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतून एकत्र भोजन, मातृभाषा, सणवार हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. त्याच बैठकीत घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाताविषयी कुणी बोलायचे? तो कर्ता पुरुष कधी आपलाच परिचित, वस्तीत मान असलेला, क्वचित आपलाच कार्यकर्ता असतो. लिलीचे वडीलही गावात मानाचेच होते. अशा घरी चहा घेऊन, काहीच न दिसल्यासारखे उठून येणे आपण थांबवले पाहिजे. वस्तीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने 'वहिनी, हे काय लागलंय?' एवढे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलली नाही, तरी पुष्कळ होईल.

आणि ते उशाशी असलेले पुस्तक? ते लपवून ठेवू नये. आईने ते आधी स्वतः वाचावे, मग मुलीला विचारावे, की राइलविषयी तुला काय वाटले.