पात्रयोजना आणि अन्वयार्थ : हीथक्लिफच्या वर्णाचा प्रश्न

अभिजात कादंबरीच्या माध्यमांतरात आजचे लोकप्रिय नट-नटी घ्यावेत की नाहीत, हा वाद सहसा चुकीच्या जागी घातला जातो. एका पक्षाला संहितानिष्ठेचे सोवळे सांभाळायचे असते, तर दुसऱ्याला दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचा जयघोष करायचा असतो. नट म्हणजे आशयावर चढवलेला वेष, हे गृहीतक मात्र दोघांनाही मान्य असते. वस्तुतः शब्द जे संदिग्ध ठेवू शकतो, ते पडद्यावरचा देह निश्चित करून टाकतो. पात्रयोजना ही म्हणूनच अन्वयार्थाची पहिली कृती होय, आणि तिचा जाबही त्याच पातळीवर विचारला पाहिजे.

एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’मधील (१८४७) हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला पोर आहे. अठराव्या शतकात हे बंदर गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. लिंटनला तो ‘लास्कर’, म्हणजे पूर्वेकडचा खलाशी, असावा असे वाटते. नेली त्याच्या मायबापांची कल्पना करताना चीन आणि हिंदुस्थानापर्यंत जाते. त्याचे कूळ कादंबरी अखेरपर्यंत उघड करीत नाही. तथापि तो ‘आपल्यातला नाही’ याविषयी त्या घरात कोणालाच शंका नाही. एडगरसारखे फिके केस आणि गोरी कांती आपल्याला हवी होती, असे तो स्वतःच बोलून दाखवतो. हिंडलीने त्याला गड्याच्या पायरीवर आणणे, त्याच्याशी विवाह म्हणजे आपली अवनती असे कॅथरीनने म्हणणे, त्याचे परागंदा होणे आणि सूडासाठी परतणे, ही सारी कार्यकारणसाखळी या परकेपणात रुजलेली आहे.

विल्यम वायलरच्या १९३९च्या चित्रपटात ही भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिएने केली. त्याच्यासमोर कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली, मिश्रवंशीय. आपले मूळ ती जन्मभर लपवीत राहिली. कादंबरीतील वर्णभेद पडद्यावरून पुसला जात असताना तोच भेद नटीच्या आयुष्यात असा ठाण मांडून होता. अँड्रिया अर्नल्डने २०११ साली कृष्णवर्णीय जेम्स हॉसनला निवडून तो प्रश्न पुन्हा उघडा केला. एमराल्ड फेनेलच्या २०२६च्या चित्रपटात मात्र हीथक्लिफ गौरवर्णीय जेकब इलोर्डी, आणि एडगर पाकिस्तानी वंशाचा वारसा असलेला शझाद लतीफ. वरवर ही पात्रयोजना उदार दिसते. परंतु गोऱ्या कांतीचा हेवा ज्याचा करायचा, तोच आता सावळा! भेद सर्वत्र वाटून दिला की तो कोणालाच बोचत नाही.

मार्गो रॉबीच्या वयावरील आक्षेप तुलनेने क्षुल्लक आहे. बालगंधर्वांच्या उतारवयातील नायिका मराठी प्रेक्षकांनी स्वीकारल्या, कारण वय हा रंगसंकेताने पेलता येणारा भाग आहे. पात्रांमधील सत्तासंबंध असा संकेताच्या हवाली करता येत नाही.

‘हीथक्लिफ कृष्णवर्णीय होता याचा पुरावा काय?’ असे विचारणाऱ्यांना संहितेकडून जन्मदाखला हवा असतो. तो तिच्यात नाही. आहे तो अपमानाचा तपशीलवार हिशेब. शीर्षकाभोवती अवतरणचिन्हे घालून ही आपली खासगी आवृत्ती असल्याचे फेनेल सुचवते. तशी मुभा प्रत्येक रूपांतरकाराला आहेच. पण हीथक्लिफला कोणत्या कारणाने हाकलले गेले, याचे दुसरे तितकेच प्रत्ययकारी कारण पडद्यावर उभे करण्याचे दायित्व त्या मुभेबरोबरच येते. ते टाळले की उरते ती एका देखण्या पुरुषाची प्रेमनिराशा. आणि तिच्यासाठी ब्राँटीची कादंबरी हाताशी घेण्याची गरज नव्हती.