दिवे मालवण्यापूर्वी

गेल्या मार्च महिन्यात आमच्या कुर्डुवाडीतील चार-पाच तरुण कार्यकर्ते माझ्याकडे आले. एका शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळात साऱ्या गावाने दिवे मालवावेत, असे आवाहन त्यांना करावयाचे होते आणि त्या पत्रकावर माझी सही हवी होती. "सर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक सांगतात म्हटल्यावर लोक ऐकतील," असे त्यांतील एकाने म्हटले. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवूनही लोकांनी ऐकल्याचा अनुभव मला फारसा नाही. तरी मुलांच्या तळमळीचे कौतुक वाटून मी पत्रक ठेवून घेतले. सही मात्र त्या दिवशी केली नाही. असे आवाहन उद्या अन्य गावांतील कार्यकर्त्यांपुढेही येईल, म्हणून त्यामागची कारणे येथे मांडतो.

पहिले कारण स्मरणाचे आहे. जेथे प्रकाश अखंड असतो तेथे तासभर अंधार करणे हा एक अनुभव असतो. आमच्या भागाला हा अनुभव २००५ नंतरची सहा-सात वर्षे न मागता आणि भरपूर मिळाला. राज्यात विजेची तूट चार हजार मेगावॅटच्या घरात गेली होती आणि खेड्यापाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन चाले. परीक्षेच्या दिवसांत आमचे विद्यार्थी संध्याकाळी रेल्वे स्थानकाच्या फलाटावर वह्या घेऊन बसत, कारण गाव काळोखात असताना तेथील दिवे सहसा चालू असत. त्याच वर्षांत मुंबई भारनियमनातून वगळलेली होती. पुण्याने २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज घेऊन आणि तिचा जादा खर्च ग्राहकांवर आकारून आपला अंधार दूर केला. ज्याच्यापाशी पैसा त्याच्या घरी प्रकाश, असा तो सरळ हिशेब होता. सक्तीचा अंधार सोसलेल्या माणसाला स्वेच्छेच्या अंधाराचे आवाहन करताना हा हिशेब आपण विसरलेलो नाही, एवढे तरी त्याला कळले पाहिजे.

दुसरे कारण गणिताचे. दिवे मालवण्याची ही जागतिक प्रथा ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात सुरू झाली. त्या एका तासात शहराच्या मध्यभागातील वीजवापर १०.२ टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे. २००९ पासून भारतातही ती पाळली जाते. हा उपक्रम प्रतीकात्मक आहे, बचतीचे मोजमाप हा त्याचा उद्देश नाही, असे तिचे प्रवर्तक स्वतःच प्रामाणिकपणे सांगतात. आपल्याकडे मात्र पत्रके 'वीज वाचवा' अशी निघतात. तेव्हा किती वाचते ते पाहू. साठ वॅटच्या जुन्या बल्बची जागा आता बहुतेक घरांत नऊ वॅटच्या एलईडी दिव्याने घेतली आहे. समजा, कुर्डुवाडीतील पाच हजार घरांनी प्रत्येकी तीन दिवे तासभर मालवले, तर १३५ युनिट वाचतील. पाच अश्वशक्तीच्या छत्तीस मोटारी शिवारात तासभर थांबल्या तरी तेवढीच वीज वाचते. उजनीच्या पाण्यावर ऊस उभा असलेल्या माढा तालुक्यात छत्तीस मोटारी म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

५ एप्रिल २०२० चा प्रसंग या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे देशभर दिवे मालवले गेले. त्यामागचा हेतू वीजबचतीचा नव्हता, आणि त्याच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. विजेची मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा सरकारी अंदाज होता. ती प्रत्यक्षात ३१,०८९ मेगावॅटने उतरली. कारखाने बंद असल्यामुळे एकूण मागणीत घरगुती दिव्यांचा वाटा तेव्हा नेहमीपेक्षा मोठा होता, हे खरे. तरीही या देशातील माणसे एका हाकेला एकत्र प्रतिसाद देतात, ही गोष्ट सिद्ध झाली. दुसरीही एक गोष्ट त्या रात्री दिसली. एवढी मागणी अचानक उतरून पुन्हा चढणे ग्रिडला सोपे नसते. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने खाली आणून पुन्हा वर न्यावी लागली आणि अभियंत्यांच्या कौशल्यामुळेच सारे सुरळीत पार पडले. ग्रिडला एका रात्रीचा पराक्रम उपयोगाचा नसतो. रोज संध्याकाळी थोडाथोडा आणि भरवशाचा संयम उपयोगाचा असतो.

असा संयम महाराष्ट्रातील खेड्यांनी एकदा प्रत्यक्षात आणला होता. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते. भारनियमनाच्या त्या काळात 'अक्षय प्रकाश योजना' या नावाचा उपक्रम पुणे परिमंडळाच्या ग्रामीण भागात सुरू झाला आणि पुढे इतरत्रही गेला. कल्पना अगदी साधी होती. संध्याकाळच्या वेळी गावाने आपणहून मोटारी, पिठाच्या गिरण्या, शेगड्या आणि हीटर बंद ठेवावयाचे, तारांवर टाकलेले आकडे काढावयाचे आणि केवळ दिवे, पंखे व दूरचित्रवाणी संच चालवावयाचे. अशा रीतीने त्या वाहिनीवरील भार ठरलेल्या मर्यादेत राहिला, तर महावितरणने संध्याकाळी त्या गावाची वीज तोडावयाची नाही.

या योजनेतील खरी मेख वाहिनीच्या रचनेत होती. एका वाहिनीवर अनेक गावे असतात. त्यांतील एका गावातल्या दहा जणांनी मोटारी चालू ठेवल्या की भार वाढणार आणि अंधार सर्वांच्याच घरात येणार. त्यामुळे गावकऱ्यांना एकत्र बसून बोलणे भाग पडले. त्या दिवसांत पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात एका आप्तांकडे मी मुक्कामाला होतो. गिरणीच्या दारावर संध्याकाळी दळण मिळणार नाही, अशी पाटी खडूने लिहिलेली होती. गिरणीवाल्याला विचारले, तर म्हणाला, "धंदा बुडत नाही, दळण सकाळी येतं. पण बागायतदारानं मोटर लावली की मी बी गिरणी लावणार, हे बैठकीत सांगून ठेवलंय." सार्वजनिक वस्तूंच्या अर्थशास्त्रावर मी अनेक तास व्याख्याने दिली आहेत, त्यांचे सार याहून नेमके मला कधी सांगता आले नाही.

दिवे मालवण्याच्या आवाहनात नेमके काय नाही, ते या योजनेशी ताडून पाहिले की कळते. खेड्याने जे सोडले त्याचा मोबदला त्याला त्याच संध्याकाळी उजेडाच्या रूपाने मिळत होता. ज्याचा वापर मोठा त्याच्याकडून त्याग मोठा घेतला जात होता. एकच दिवा असलेल्या घराकडून काही मागितलेच जात नव्हते. आणि करार मोडला तर तो साऱ्यांना दिसत होता. पुढे गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम राज्यभर हाती घेण्यात आले. तांत्रिक दृष्ट्या ते योग्यच होते. परंतु वाहिनी वेगळी झाली तशी गावाने एकत्र बसण्याची निकडही संपली. जे कराराने होत होते ते बटणाने होऊ लागले. सिंगल फेजची वीज सोडली, तर लोकांनी तिच्यावरही मोटारी चालविण्याच्या युक्त्या काढल्या. मोटारीला ऑटो स्विच बसले. मग मध्यरात्री वीज आली की गरज असो वा नसो, शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी जळतो. यात शेतकऱ्यालाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते. रात्रीच्या पाळीची वीज घेण्यासाठी विंचू-काट्यातून उठून जाण्यापेक्षा तो स्विच बसवतो, यात अस्वाभाविक काही नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे. कोरडवाहूला आणि लहान शेतकऱ्याला आधार हवा, हे मी मानतो. परंतु शून्य दर हा संयमाचा करार होऊ शकत नाही, हेही मानतो.

"लोक आता ऐकणार नाहीत, तो काळ गेला," असे काही मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. माझ्या पिढीला १९६५ सालही आठवते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा मी लहान होतो. माझे वडील येथील नॅरोगेज रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. सोमवारी संध्याकाळी आमची चूल पेटत नसे. पण वडील एक प्रश्न नेहमी विचारीत: ज्यांच्याकडे रोजच एक वेळ जेवण होते, त्यांनी सोमवारी काय सोडावयाचे? विजेच्या बाबतीत हा प्रश्न आजही तसाच आहे. २०२३-२४ मध्ये देशातील दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे १,४०० युनिट होता. या सरासरीत वातानुकूलित मॉलही आला आणि माढ्याच्या वस्तीवरचे पत्र्याचे घरही आले. १९६३ मध्ये लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी तीन आण्यांचा वाद उभा केला, तो अशाच एका सरासरीच्या पोटात दडलेल्या माणसासाठी.

बचतीचे कारण आमच्या दारातच आहे. सोलापूरजवळचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उजनीचे पाणी वापरते. २०१५ च्या केंद्रीय नियमाने औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मर्यादा घालून दिली आणि नव्या केंद्रांसाठी ती अडीच लिटरवर आणली, पुढे ती तीन लिटर करण्यात आली. उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे हे पाणी थोडे आहे, हे मान्य करूनच मी ते सांगतो. दिवसा आता सौरवीज भरपूर असते. सूर्य मावळला की तिची जागा कोळसा आणि पाणी यांनाच घ्यावी लागते. म्हणून संध्याकाळी वाचलेले युनिट दुपारच्या युनिटापेक्षा मोलाचे आहे.

हे सारे मी त्या तरुणांना पुढच्या भेटीत सांगितले. घरातले दिवे लोकांना लावू द्या. त्याऐवजी दुकानांच्या रोषणाईच्या पाट्या, जाहिरातींचे उजळ फलक, मंगल कार्यालयांची सजावट, गिरण्या आणि जवळच्या शिवारातील मोटारी यांची यादी करा, आणि संध्याकाळी सात ते दहा यांपैकी काय काय थांबू शकते, ते त्या त्या मालकाला जाऊन विचारा, असे सुचविले. काम कंटाळवाणे आहे, त्यात छायाचित्र निघण्यासारखे काही नाही, हेही सांगितले. एक जण निघून गेला. बाकीचे कामाला लागले.

आतापर्यंत तीन गिरणीवाले तयार झाले आहेत. शेतकऱ्यांनी, दिवसा वीज देणार असाल तर ऑटो स्विच काढतो, असे उत्तर दिले आहे आणि ते महावितरणच्या कार्यालयात लेखी पोहोचविण्याचे ठरले आहे. कापड दुकानदारांपैकी एकाने मुलांना दारात उभे करून चौकाकडे बोट दाखविले. तेथे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक चार झगझगीत दिव्यांखाली पहाटेपर्यंत उजळत असतो. "आधी तो विझवून या, मग माझी पाटी विझवा," असे तो म्हणाला. फलक आपल्याच आघाडीतील पुढाऱ्याचा आहे. येत्या रविवारी मुले त्यांच्याकडे जाणार आहेत आणि मीही सोबत जाणार आहे. पत्रक नव्याने लिहून झाले आहे. सही त्यानंतर करीन.