नायटा, मलम आणि नफा

नायटा किंवा गजकर्ण हा रोग सहसा जीव घेत नाही. म्हणूनच राष्ट्रीय प्रश्नांच्या यादीत त्याला कधी स्थान मिळालेले नाही. परंतु उसाच्या फडावर राबणारा तोडणी मजूर, भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा ओतकामगार, गमबूट घालून गटारात उतरणारा सफाई कामगार आणि एका खोलीत सहा माणसांचे ओले कपडे एकाच दोरीवर वाळवणारी घरकामगार स्त्री यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. घाम, दमट कपडे, पाण्याची टंचाई आणि दाटीवाटीची वस्ती यांवर ही बुरशी पोसते. दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि जांघेतील रोग दाखवायला लाज वाटते. मग कामावरून परतताना औषधाच्या दुकानात 'खाजेचे मलम' मागितले जाते, आणि ते तत्काळ मिळतेही. प्रश्न सुरू होतो तो येथूनच.

अशी जी मलमे वर्षानुवर्षे विकली गेली, त्यांपैकी अनेकांत बुरशीनाशकाबरोबर प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडमुळे दाह व खाज दोन दिवसांत शमते आणि लाल कडा पुसट होते. रोग्याला वाटते, गुण आला. वास्तविक स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीच दडपलेली असते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मलम थांबताच रोग दुप्पट जोमाने उसळतो, पुन्हा मलम घेतले जाते, आणि दीर्घकाळ वापर झाला की त्वचा पातळ होऊन जांघेत कायमचे चरे पडतात. एका रोग्याला वारंवार गिऱ्हाईक बनवणारा याहून सोयीचा माल बाजाराला दुसरा कोणता हवा?

कायदा याबाबत झोपलेला होता असे नव्हे; त्याला झोपवून ठेवले होते. औषध नियमांच्या 'अनुसूची एच'मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण बाहेरून लावण्याच्या औषधांना तीतून दीर्घकाळ सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने आवाज उठवल्यावर २०१८ साली चौदा स्टेरॉइडांची ही सूट काढून घेण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ३२८ अशास्त्रीय मिश्र औषधांवर बंदी घातली. तींत स्टेरॉइडमिश्रित मलमेही होती. तत्पूर्वी २०१६ मध्ये घातलेल्या बंदीविरुद्ध कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली होती, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. नियम कागदावर आले. गल्लीतील दुकानापर्यंत ते पोहोचले की नाहीत, हे कोणत्याही कामगार वस्तीत जाऊन पाहता येते.

या बेपर्वाईची किंमत आता साऱ्या जगाला मोजावी लागत आहे. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला दाद न देणारी बुरशीची जात भारतात फैलावली. २०२० साली तिला स्वतंत्र नाव मिळाले, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी', आणि त्या नावातच या देशाची खूण आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले.

अशा वेळी चिठ्ठीवरचे बुरशीनाशक कसे घ्यावे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. खाज थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. उपचार काही आठवडे चालतो आणि डॉक्टरने सांगेपर्यंत तो सोडता कामा नये. मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावावे. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्याव्यात. आम्लपित्ताचे औषध त्यांच्यासोबत घेतल्यास त्या अंगी लागत नाहीत. हृदय दुर्बल असणाऱ्यांना हे औषध धोक्याचे आहे. यकृताचा विकार, गर्भधारणा आणि कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करणे किंवा हृदयाचे ठोके यांसाठी चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरला आधी सांगितल्याच पाहिजेत. लघवी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, अन्नावरची वासना उडणे ही यकृत बिघडल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये. टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, उन्हात वाळवावीत, आणि घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

परंतु येथेच थांबून 'रुग्णच निष्काळजी' असा निर्वाळा देणे हा दांभिकपणा ठरेल. ज्याला अंघोळीला बादलीभर पाणी मिळत नाही, त्याला स्वच्छतेचा उपदेश करणे सोपे आहे. ज्याची मजुरी रोजची आहे, तो सहा आठवड्यांचे औषध तिसऱ्या आठवड्यात सोडतो ते आळसाने नव्हे, खिसा रिकामा झाला म्हणून. तसेच, चिठ्ठीशिवाय विक्री केवळ दंडुक्याने बंद केली आणि वस्तीजवळ सरकारी दवाखाना मात्र उघडला नाही, तर गरिबाच्या हातातले वाईट औषध जाईल. चांगले औषध येणार नाही. बंदी आणि पर्याय एकदमच आले पाहिजेत.

पर्याय या देशाला अपरिचित नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यातील शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक शोधले; ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. १९७५ साली हाथी समितीने परदेशी औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटवून मूळ नावाने औषधे विकण्याची शिफारस केली. ती शिफारस धूळ खात पडली, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीचा कारखानाच विकण्याचा निर्णय घेतला. औषध सार्वजनिक हातांतून गेले की रोगही बाजाराचा कच्चा माल होतो, याचा हा पुरावा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व महापालिका दवाखान्यांत बुरशीनाशकांचा संपूर्ण उपचारक्रम विनामूल्य मिळाला पाहिजे. कामाच्या वेळेनंतर त्वचारोग तपासणी झाली पाहिजे. बंदी घातलेल्या मिश्रणांच्या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली पाहिजे, आणि ती दुकानदारापाशी न थांबता उत्पादकापर्यंत गेली पाहिजे. कारखान्यांत, साखरपट्ट्यात आणि सफाई खात्यात धुण्याचे पाणी व कोरडे कपडे हा कामगारांचा हक्क मानला गेला पाहिजे. युनियनच्या शाखांनी हे प्रश्न मागणीपत्रात घालावेत आणि महिला कार्यकर्त्यांनी वस्त्यांत लाजेची भिंत पाडावी. शरीरावरचा चट्टा लपवण्याची पाळी कष्टकऱ्यावर येऊ नये. लाज वाटायचीच असेल, तर ती त्या चट्ट्यावर नफा कमावणाऱ्यांना वाटली पाहिजे.