पालकत्वाचा भार कोणी वाहायचा?

युरोपीय संघाने 2019 साली नोकरदार पालकांच्या रजेसंबंधी एक निर्देश संमत केला आणि सभासद राष्ट्रांनी 2 ऑगस्ट 2022 पर्यंत त्यास अनुरूप कायदे करावेत असे बंधन घातले. मूल जन्मताच पित्याला निदान दहा कामाच्या दिवसांची रजा, तीही किमान आजारपणाच्या भत्त्याइतक्या मोबदल्यासह. माता व पिता दोघांनाही प्रत्येकी चार महिन्यांची संगोपन रजा आणि त्यांपैकी दोन महिने एकाला दुसऱ्याच्या नावे करता न येणारे, असा या निर्देशाचा गाभा आहे. मालकवर्गाच्या संघटनांनी खर्चाची ओरड केलीच. मुदत उलटली तेव्हा अनेक राष्ट्रांनी काम पुरे केलेले नव्हते आणि त्यांना नोटिसा धाडाव्या लागल्या. बापाच्या दहा दिवसांसाठी एवढी ओढाताण व्हावी, यातच या प्रश्नाचे मर्म आहे. मूल वाढविणे ही आईबापांची खाजगी बाब, की समाजाने वाटून घेण्याचे काम?

या वादाला स्वीडनमध्ये 1934 साली तोंड फुटले. जन्मदर घसरत चालल्याने तेथील सनातनी मंडळी राष्ट्र बुडाले म्हणून गळा काढीत होती आणि विवाहित स्त्रीला नोकरीवरून काढून घरी बसविण्याचे उपाय सुचवीत होती. आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या समाजवादी दांपत्याने त्या वर्षी लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहून तोच प्रश्न उचलला आणि त्याचे उत्तर मात्र उलटे दिले. कामगार कुटुंब मूल टाळते ते स्वार्थाने नव्हे, तर अपुऱ्या पगाराने आणि कोंदट खोलीने. तेव्हा घरे, दवाखाने, शाळेतील जेवण आणि पाळणाघरे द्या, आणि आईची नोकरी हिरावून घेऊ नका. पुढे 1955 ते 1961 या काळात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत म्हणून राहिलेल्या आल्वा मिर्दाल त्या याच. अर्थात त्या विचाराला एक काळी बाजूही होती. ‘अयोग्य’ ठरविलेल्या माणसांच्या नसबंदीस याच दांपत्याने मान्यता दिली होती आणि स्वीडनमधील तसा कायदा 1970 च्या दशकापर्यंत टिकून राहिला. पालकांना मदत करणारे राज्य, कोणी पालक व्हावे हेही ठरवू लागले की काय होते, हे आणीबाणी पाहिलेल्या कार्यकर्त्यांना निराळे सांगावयास नको.

स्वीडनने 1974 साली जगात प्रथमच मातृत्व विम्याच्या जागी पालक विमा आणला. रजा सहा महिन्यांची, मोबदला पगाराच्या नव्वद टक्के, आणि ती आईने घ्यावी की बापाने, हे घराने ठरवावे. कायदा पुरोगामी होता. घरे तशी नव्हती. पहिल्या वर्षी एकूण रजेपैकी पुरुषांनी घेतलेला वाटा अर्धा टक्का होता. सरकारने एका दणकट वजन-उचल मल्लाच्या हाती तान्हे मूल देऊन भित्तिपत्रके छापली. लोक हसले, आवडलीही; पण रजेचे आकडे फारसे हलले नाहीत. ते हलू लागले निराळ्या उपायाने. नॉर्वेने 1993 साली चार आठवडे खास पित्यासाठी राखून ठेवले: घेतले तर घेतले, नाही तर गेले. स्वीडनने 1995 साली एक महिना, 2002 साली दुसरा आणि 2016 साली तिसरा महिना असाच राखून ठेवला. आज तेथील रजा एकूण 480 दिवसांची आहे आणि पुरुषांचा वाटा सुमारे तीस टक्क्यांवर आला आहे. अर्ध्या शतकात अर्ध्या टक्क्यावरून तीस! गती संथ खरी, परंतु उपदेशाने जे झाले नाही ते हक्काच्या नेमक्या रचनेने झाले. जुलै 2024 पासून यांतील काही दिवस आजी-आजोबांच्या नावेही करता येतात. ज्या समाजात आजीची मेहनत गृहीत धरली जाते, तेथे तिच्या श्रमाला सरकारी मोबदला मिळणे ही कल्पनाच नवलाची वाटेल.

फिनलंडने रजेपूर्वीच्या काळाकडे लक्ष दिले. बाळाचे कपडे व अंथरूण भरलेली पेटी 1938 पासून तेथील गरीब मातांना मिळू लागली. ही पेटीच बाळाचा पहिला बिछाना होई. 1949 साली ती सर्वांना खुली झाली, मात्र गरोदरपणाचे चार महिने भरण्यापूर्वी दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे, ही अट जोडून. या एका अटीने दवाखान्यापासून दूर राहणारी बाई परिचारिकेपर्यंत पोहोचली. श्रीमंताच्या आणि गिरणी कामगाराच्या बाळाला एकच पेटी मिळत असल्याने ती घेण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

परंतु राज्याने वरून दिलेल्या सेवेपेक्षा लोकांनी खालून उभारलेल्या सेवेचा इतिहास समाजवाद्यांना अधिक जवळचा वाटावा. इटलीतील रेज्जो एमिलिया शहरालगतच्या व्हिला चेल्ला या खेड्याने 1945 च्या वसंतात, फॅसिझमच्या पाडावानंतर अवघ्या काही दिवसांत, बालशाळा बांधावयास घेतली. पळून गेलेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून पैसा उभा राहिला. एका शेतकऱ्याने जमीन दिली. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा आणि तुळया वापरून गावकऱ्यांनी रात्री आणि रविवारी काम केले. त्यात स्त्रिया अग्रभागी होत्या. ही वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवरून ते पाहावयास आला आणि उभा जन्म त्या कार्यात राहिला. डाव्या पक्षांच्या हाती असलेल्या रेज्जो नगरपालिकेने 1963 साली पहिली बालशाळा स्वतः चालविण्यास घेतली. शाळेच्या व्यवस्थापनात पालक आणि नागरिक निवडून येऊ लागले. स्वयंपाकीण ही तेथे शिक्षिकेइतकीच महत्त्वाची मानली गेली. पालकाला शिकवावयाचे अजाण माणूस न मानता शाळेचा भागीदार मानणे, हे तेथील खरे वैशिष्ट्य. आज जगभरच्या महागड्या खाजगी शाळा ‘रेज्जो पद्धती’ची पाटी लावून भरमसाट शुल्क घेतात, तेव्हा ती पद्धत रणगाड्याच्या भंगारातून आणि श्रमदानातून जन्मली, हे पालकांना कोणी सांगत नाही. इटलीच्या संसदेने स्त्री-संघटना आणि कामगार संघांच्या रेट्याखाली 1971 साली पाच वर्षांत 3,800 पाळणाघरे उभारण्याचा कायदा केला. तो कागदावर बराच राहिला. उत्तरेच्या काही जिल्ह्यांत पाळणाघरे झाली, दक्षिण इटली कोरडीच राहिली.

मिळालेले हिरावलेही जाते. ब्रिटनमध्ये लेबर सरकारने 1998 साली ‘शुअर स्टार्ट’ योजना जाहीर केली. दाई, डॉक्टर, पाळणाघर आणि रोजगाराचा सल्ला एकाच छपराखाली देणारी साडेतीन हजारांहून अधिक केंद्रे 2010 पर्यंत उभी राहिली. पुढे काटकसरीच्या नावाखाली अनुदान छाटले गेले आणि शेकडो केंद्रांना कुलपे लागली. केंद्राजवळ वाढलेल्या मुलांचे शालान्त निकाल अधिक चांगले लागल्याचे संशोधन 2024 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ती मुले मोठी झाली होती आणि केंद्रे बंद पडली होती.

नेदरलँड्सची गोष्ट अधिक भयंकर आहे. तेथे 2005 पासून पाळणाघरे बाजारावर सोपविण्यात आली आणि शुल्काचा परतावा पालकांच्या खात्यात जमा होऊ लागला. पैसा हाती दिला की संशयही पाठोपाठ येतो. अर्जातील क्षुल्लक चुकांवरून हजारो पालकांना कर खात्याने लबाड ठरविले आणि लक्षावधी रुपयांच्या मोलाच्या रकमा परत मागितल्या. दुहेरी नागरिकत्व असलेले, परदेशी मुळाचे पालक त्यात हेरले गेले. घरे विकली गेली, संसार मोडले. अशा कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना सरकारी ताब्यात जावे लागले. संसदेच्या चौकशी समितीने 2020 च्या डिसेंबरात यास ‘अभूतपूर्व अन्याय’ म्हटले आणि पुढल्याच महिन्यात मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला.

हंगेरीत ओर्बान सरकारने 2010 नंतर कुटुंबावर खर्च वाढविला, पण तो मुख्यतः करसवलतींच्या वाटेने. ज्याला पगार मोठा, त्याला सवलत मोठी. सर्व मुलांना मिळणारा कुटुंब भत्ता मात्र 2008 च्या आकड्यावर गोठवून ठेवला. रोमा वस्तीतल्या बेकार बापाला करसवलतीचा उपयोग काय?

अशा वेळी युरोप परिषदेने 2006 साली शिफारस केलेल्या ‘सकारात्मक पालकत्वा’च्या कल्पनेकडे सावधपणे पाहिले पाहिजे. मुलांना मारू नये, त्यांचे ऐकावे, हे योग्यच. स्वीडनने 1979 साली मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालून जगाला वाट दाखविली. मूळ शिफारशीत पालकांना वेळ, पैसा आणि सेवा देण्याचीही जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. परंतु अंमलबजावणीच्या वेळी स्वस्त भाग तेवढा उचलला जातो. पाळणाघरापेक्षा पालक-शिबिर स्वस्त पडते. दोन पाळ्या करून थकलेल्या आईला संयमाचे धडे दिले जातात आणि दारिद्र्याचा दोष हळूच तिच्या वागणुकीवर ढकलला जातो.

भारतात 1975 साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना विस्ताराने यांतील कोणत्याही योजनेहून लहान नाही. तरी फिनलंडमधील परिचारिका पगारी कर्मचारी आहे, आणि अंगणवाडी सेविकेला आजही ‘मानधन’ मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही महाराष्ट्रातील सेविकांना 2023 च्या डिसेंबरात संपावर जावे लागले. अंगणवाडी काही तास चालते, मजुराचा दिवस त्याहून बराच लांब असतो. उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बाईचे मूल उरलेला वेळ कोठे असते, याचे उत्तर योजनेच्या कोणत्याही तक्त्यात नाही. ते उत्तर मागताना सेविकेचे वेतन आणि अंगणवाडीचे तास या दोन मागण्या एकाच निवेदनात आल्या पाहिजेत.