वन टेक!

रात्रीचे तीन. झोपेचा पत्ता नाही. जॉब सोडून फ्रीलान्सिंग धरलं म्हणून बाबांशी खटका उडाला, त्याला तीन आठवडे झाले. सॉरीचा मेसेज टाइप करायचा, डिलीट करायचा, एवढंच चाललं होतं. शेवटी हेडफोन लावले आणि इस्राएल कामाकाविवोओलेचं ‘ओव्हर द रेनबो’ सुरू केलं.

१९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या सिनेमात हे गाणं ज्युडी गार्लंडने गायलं, ते ऑर्केस्ट्राच्या साथीने. हवाईच्या या धिप्पाड गायकाने १९८८मध्ये होनोलुलूच्या एका स्टुडिओत भर रात्री ते रेकॉर्ड केलं. सोबतीला फक्त चार तारांचं युकुलेले. आणि एकच टेक! शब्द थोडे इकडचे तिकडे झाले, तेही तसेच राहिले. १९९७मध्ये अवघ्या ३८व्या वर्षी तो गेला. पण आजही ऐकताना वाटतं, हा शेजारी बसून आपल्यासाठीच गातोय.

आणि माझा दोन ओळींचा मेसेज? दहादा एडिट!

सकाळी सरळ फोनच लावला. ‘बाबा...’ म्हटलं आणि पुढचं काही सुचेना.

पलीकडून आवाज आला, ‘चहा घेतलास का?’