विदर्भाचे षटकार : दुसऱ्या दिवशीचे फटके, पाचव्या दिवशीचा करंडक

यवतमाळ (विशेष प्रतिनिधी) : अमेरिकेतील बेसबॉलच्या १९६० मधील विश्व मालिकेत पिट्सबर्ग पायरेट्सच्या बिल मॅझेरॉस्कीने सातव्या लढतीच्या शेवटच्या डावात चेंडू कुंपणापार धाडला आणि त्याच क्षणी विजेतेपदाचा निकाल लागला. त्या खेळात ‘होम रन’ला असलेला मान आपल्याकडे षटकाराला आहे. मात्र रणजी करंडकाच्या अंतिम लढतीत असा क्षण क्वचितच येतो. सामना अनिर्णित राहिला की करंडक पहिल्या डावातील आघाडीवर दिला जातो. निर्णायक फटका बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशीच मारला गेलेला असतो. तो निर्णायक होता, हे मात्र पाचव्या दिवशी कळते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध झालेला अंतिम सामना याचे उत्तम उदाहरण ठरावा. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली असताना दानिश मालेवार व करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी रचली. मालेवारने शतक पूर्ण केले ते षटकार ठोकून, आणि तोही आदित्य सरवटेच्या गोलंदाजीवर. याच सरवटेने २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ गडी बाद करून विदर्भाला सलग दुसऱ्यांदा करंडक मिळवून दिला होता. आता तो केरळकडून खेळत होता! मालेवारच्या १५३ धावांचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु हिशेब मांडायचा तर अकराव्या क्रमांकावरील नचिकेत भुतेच्या ३२ धावांपाशी थांबावे लागते. त्याने हर्ष दुबेसमवेत अखेरच्या गड्यासाठी ४४ धावा जोडल्या आणि विदर्भ ३७९ पर्यंत पोहोचला.

केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर असताना त्याने पार्थ रेखडेला उंच फटका मारला. चेंडू सीमापार गेला नाही. सीमेजवळ करुण नायरने तो टिपला. केरळचा डाव ३४२ धावांत आटोपला. विदर्भाची आघाडी ३७ धावांची, म्हणजे शेवटच्या जोडीने केलेल्या धावांपेक्षाही कमी. उपान्त्यपूर्व फेरीत एका धावेच्या व उपान्त्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर पुढे सरकलेल्या केरळला त्या फटक्याची किंमत कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २ मार्च रोजी सामना अनिर्णित राहिला आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उंचावला.

यवतमाळ जिल्ह्याचा वाटा याच प्रकारचा आहे. यवतमाळहून वर्धामार्गे नागपूरला जाताना शहराच्या आधी जामठा लागते. तेथेच फेब्रुवारी २०१९ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताने हनुमा विहारीच्या शतकाच्या बळावर ३३० धावा उभारल्या होत्या. उत्तरादाखल विदर्भाचे सहा गडी बाद झाले, तेव्हा आघाडी बरीच दूर होती. त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यातील अक्षय कर्णेवारने १३३ चेंडूंत १३ चौकार व दोन षटकारांसह १०२ धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे त्याचे पहिलेच शतक. अक्षय वाडकरच्या ७३ धावांची त्याला साथ लाभली. विदर्भाने ४२५ धावा करून ९५ धावांची आघाडी मिळविली. पुढे विदर्भासमोर २८० धावांचे लक्ष्य आले आणि ५ बाद २६९ अशा स्थितीत, विजयाला ११ धावा हव्या असताना, सामना अनिर्णित संपविण्यात आला. आघाडी हाताशी नसती तर हे हस्तांदोलन विदर्भाला परवडलेच नसते. कर्णधार फैज फझलच्या संघाने बक्षिसाची रक्कम पुलवामा येथील हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांसाठी दिली.

शेजारच्या अमरावतीच्या जितेश शर्माने २७ मे २०२५ रोजी लखनौ येथे ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि आयुष बदोनीला षटकार खेचून बंगळुरूला विजयी केले. दीर्घकाळ विदर्भाकडून खेळलेल्या या यष्टिरक्षकाचा तो फटका घरोघरी पाहिला गेला. देशांतर्गत सामन्यांतील धावांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही; त्या बहुतांशी धावफलकातच राहतात.

कर्णेवारच्या बाबतीत तर नियतीने गंमतच केली आहे. दोन्ही हातांनी फिरकी टाकणाऱ्या या खेळाडूचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते ते ८ नोव्हेंबर २०२१ च्या सामन्यासाठी. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, दोन गडी बाद केले आणि एकही धाव दिली नाही. पुरुषांच्या ट्वेन्टी-२० क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडले होते.